एक ठिपका की दोन

“भाभी, सेलले बी थंडी वाजस का?” घेवरचंदशेठ हसत म्हणाले.

“वाजस,” मी म्हटलं. “डाबले या एक रात, मंग समजी.”

अक्कलकुव्याच्या त्यांच्या दुकानात मी काउंटरला रेलून उभी होते. शेठनी तीन प्रकारचे पेन्सिल सेल समोर मांडले.

“हाऊ साधा, घड्याळले. हाऊ अल्कलाइन, चांगला चालस, पन कडाक्यामा बसी जास. अन् हाऊ लिथियम. सुरतथून मांगाडेल शे. बर्फमा बी मरत नही.”

लिथियमचा हातात घेतला तर पोकळ असल्यासारखा हलका. जो हलका तोच टिकतो, हे काही मनाला पटेना. पण आमच्या ह्यांनी, म्हणजे पितांबररावांनी, कागदावर तेच नाव लिहून दिलं होतं.

“कितला देऊ?”

“कॅमेरासाठे आठ. अन् दोन वरथून.”

“वरना कसाले?”

“एक हातमानी बॅटरी शे,” मी म्हटलं. टॉर्च कोणाचा, ते सांगितलं नाही.

आमचं गाव ब्राह्मणपुरी, पण हे वनरक्षक, म्हणून अकरा वर्षं आम्ही डोंगरात, डाबच्या वरच्या अंगाला क्वार्टरमध्ये आहोत. जंगलात झाडांना बांधलेले सहा कॅमेरे ह्यांच्याकडे. समोरून जनावर गेलं की फोटो आपोआप निघतो, रात्रीसुद्धा. एकेका कॅमेऱ्याला आठ सेल. तिथून काढलेल्या सेलमध्ये अर्धा जीव बाकी असतो, आणि अर्धा जीव बाकी असलेली वस्तू फेकायची माझ्या हाताला सवय नाही. आमची पोरगी रंजिता धुळ्याला कॉलेजला गेली तेव्हा तिची लाल नेलपॉलिशची बाटली मागे राहिली होती. तिच्यावर मी पद्धत बसवली. कॅमेऱ्यातून निघालेल्या सेलला एक ठिपका. तोच पुढे आमच्या भिंतीवरच्या घड्याळातून निघाला की दुसरा. दोन ठिपक्यांचा सेल फक्त रिमोटला, तोही ह्यांच्या बातम्यांपुरता. सगळे बिस्किटांच्या डब्यात एकत्र.

बाज्या ह्यांच्या हाताखालचा वनमजूर. डिसेंबरात एका संध्याकाळी तो दारात आला.

“बाई, बॅटरी मरनी. पहाटे मोलगीना बजारले जानं शे.”

मी भाकरी थापत होते. एक हात पिठाचा, दुसरा डब्यात. चाचपून दोन सेल काढले आणि त्याच्या टॉर्चमध्ये घातले. भिंतीवर उजेडाचा गोल पडला. “चांदनं पडनं वं बाई,” असं म्हणत तो गेला.

सकाळी तो कड्याच्या वळणाखाली सापडला. टॉर्च वरच करवंदीत अडकला होता. त्याचं बटन सुरू होतं, उजेड नव्हता. पंचनाम्यात तोल जाऊन पडला असं लिहिलं. चार नंबरचा कॅमेरा त्या वळणापासून तीस पावलांवर. पण त्या रात्री गवतावरच्या दवाचं बर्फ झालं होतं, आणि कॅमेरा पावणेचारला बंद पडला होता.

पाड्यावर कोणी म्हणालं बिबट्या. कोणी म्हणालं, त्या वळणावर आधीपासूनच काहीतरी आहे. मला एवढंच आठवायचं होतं की त्या सेलवर एक ठिपका होता की दोन. एक असेल तर निदान मी त्याला बरा सेल दिला होता. दोन असतील तर रिमोटच्या लायकीचा सेल देऊन मी त्याला कड्यावर पाठवलं होतं. डोळे मिटले की पीठ दिसायचं, चुलीचा जाळ दिसायचा. सेल दिसायचे नाहीत.

त्यानंतर चार नंबरचा कॅमेरा रोज रात्री साडेतीन ते चारच्या दरम्यान बंद पडू लागला. ऊन चढलं की आपोआप सुरू व्हायचा. शेवटचा फोटो रोज तोच, पांढरं गवत आणि रिकामी वाट. कॅमेरा उगाच फोटो काढत नाही, समोर काही ऊबदार हललं तरच काढतो. फोटोत मात्र काही नसायचं. “उंदीर व्हई नहीतर पाखरू,” हे म्हणायचे. “अन् मंग थंडी. दुसरं काय?” पण चार नंबरचे सेल बदलायला हेही भर दुपारीच जाऊ लागले होते.

शेठकडून आणलेले लिथियमचे सेल घातल्यावर दहा दिवसांनी ह्यांनी चार नंबरचं कार्ड आणलं. लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला. मी शेंगा सोलत शेजारी बसले.

कॅमेरा एकाही रात्री बंद पडला नव्हता.

चार वाजून सात मिनिटं. वाटेवर पांढरा झोत. चार वाजून नऊ. गजराबाई, बाज्याची बायको, डोक्यावरून घोंगडी, हातात टॉर्च पेटलेला. चार वाजून अकरा. गजराबाई तिथेच, टॉर्च विझलेला. चार चाळीस. तिथेच. तोंड कड्याकडे. पाच वीस. आता तोंड कॅमेऱ्याकडे, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके.

हे पुढे पुढे सरकवत गेले. दुसरी रात्र. तिसरी. वाटेवर झोत, मग बाई, मग अंधारात उभी बाई. दहाही रात्री.

“हाई बाई काय करी ऱ्हायनी तठे?” हे म्हणाले. आवाज खाली आला होता. “सांगानं पडी कोन्हले तरी.”

“मी जास,” मी म्हटलं.

दुपारी दोन सेल ओटीला खोचून मी तिच्याकडे गेले. ती चुलीशी बसली होती. टॉर्च चुलीवरच्या खुंटीला टांगलेला. तिची घरची बोली वेगळी, पण माझ्याशी ती आमच्यासारखंच बोलते.

“ये बाई. बठ.”

“गजराबाई, तू रोज जास तठे?”

“जास.”

“कसाले वं?”

तिने खुंटीवरून टॉर्च काढला आणि बटन दाबलं. लख्ख पेटला.

“दख. घरमा पेटस. वाटवर बी पेटस. वळणवर गई की मरी जास. घर लयनी की परत जित्ती.” एखाद्या हट्टी बकरीची तक्रार करावी तसं ती सांगत होती. “मी म्हनं, मरताना त्याले काय दिसनं व्हई ते दखू. काहीच दिसत नही, बाई. पन उभी ऱ्हायनी ना, तं डोया बठतस अंधारले. मंग वाट दिसस. कडा बी दिसस. तो थांबना नही. बजारनी घाई. थांबता तं त्याले बी दिसता.”

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.

“थंडीमा जुना सेल बसी जास,” मी म्हटलं. “ऊब भेटनी की परत चालस. त्या सेल जुना व्हतात. मीच दिन्हात.”

“माले माहीत शे.”

“त्यासवर लाल ठिपका व्हता.”

“व्हता.”

“एक का दोन?”

तिने टॉर्चचं बूड फिरवलं. सेल तिच्या तळहातावर पडले. दोन्ही स्वच्छ, चकचकीत. पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.

“राख लाईसन घासी टाकं मी. पोलीसवाला पुसी ऱ्हायंता, हाई लाल काय शे, कोन्हं शे. म्हनं, उगाच कोन्हं नाव कसाले.”

“पन एक व्हता का दोन?”

तिने लाकूड आत सारलं. धूर तिच्या तोंडावर आला, तिने डोळे बारीक केले.

“आते काय करशी मोजीसन?”

मी ओटीतले नवे सेल काढले. ती ते घेईल असं मला वाटलं नव्हतं. तिने घेतले, हलके लागले म्हणून एकदा कानाशी नेऊन हलवून पाहिले, आणि स्वतःच टॉर्चमध्ये बसवले.

“हाई मरत नही थंडीमा,” मी म्हटलं.

“बकऱ्या दखाले व्हई,” ती म्हणाली. जुने सेल तिने माझ्या हातात दिले. “हाई तुन्हा.”

परत येताना वळणावर ऊन संपलं होतं. मी थांबले नाही. क्वार्टरच्या पायरीवर हे उभे होते.

“काय म्हने ती?”

“काही नही. आते जावाव नही ती तठे.”

“अन् मूठमा काय शे?”

मूठ उघडली. सेल माझ्या हाताने चांगले कोमट झाले होते. टॉर्चमध्ये घातले असते तर पेटले असते.