साडेनऊ मास्तर

“हे बोट काय पाहुणं आहे का गं?” बाईंनी विचारलं.

ठकीचे हात पियानोच्या पट्ट्यांवर तसेच थबकले. बाईंनी पेन्सिलीच्या टोकानं तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वर उचललं आणि सोडून दिलं. ते ताठ, वरच्या वरच राहिलं. बाकीची चार बोटं मघापासून राब राब राबत होती आणि हे आपलं खुशाल बसून होतं.

दारापाशी खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी आपला उजवा हात कोटाच्या खिशात आणखी आत सरकवला. त्या खोलीत ते मास्तर नव्हतेच म्हणा, ठकीचे आजोबा होते. ही थाप त्यांचीच, आणि येताना बसमध्ये त्यांनी ती ठकीकडून चांगली घोकून घेतली होती. तोंडातून मास्तर निघालं की संपलं, असा दम भरला होता. ठकी दहा वर्षांची, मुलखाची चौकस. तिनं विचारलं, माझे खरे आजोबा केव्हाच वारले, मग त्यांना काय म्हणायचं? मास्तर म्हणाले, त्यांना काही म्हणू नकोस, ते काही आज तिथं येणार नाहीत.

एवढं खोटं बोलायची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

मास्तरांनी उभा जन्म पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काढला. बाविसाव्या वर्षी कागद कापायच्या यंत्रानं त्यांचं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरातून नेलं. त्याआधी दोन वर्षं ते पियानो शिकत होते. दुसरा कुणी असता तर त्यानं कानाला खडा लावला असता. हे मात्र जखम भरली तसे पुन्हा जाऊन बसले आणि उरलेल्या नऊ बोटांत सगळं बसवलं. त्या गेलेल्या चौथ्या बोटाचं काम कधी मधल्यानं करायचं, कधी करंगळीनं, आणि तेही इतकं बेमालूम की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. पुढं संध्याकाळी कामावरून आल्यावर गल्लीतल्या मुलांना शिकवायला लागले. मुलांनी नाव ठेवलं, साडेनऊ मास्तर. मास्तरांना त्याचा राग नव्हता. मोजणी बरोबर आहे, म्हणायचे.

मुलं सहा महिने, वर्षभर यायची आणि कंटाळून बंद व्हायची. टिकली एकटी ठकी, मास्तर कामावरून निवृत्त झाल्यावर आलेली. तिची आई रुग्णालयात नर्स, पाळ्यांची नोकरी, त्यामुळे पोरगी शाळेतून थेट मास्तरांच्या खोलीवर यायची. घरी पियानो नव्हता, मास्तरांचा होता तोच तिचाही. मास्तर वाजवायचे, ती बघायची, मग ती वाजवायची. अशी चार वर्षं गेली. तिचं ऐकताना डोळे मिटून घ्यायची मास्तरांना सवय. सूर बरोबर लागत होते, लय बरोबर होती. आणखी बघायचं काय?

यंदा तिला संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसवलं. अकरा पूर्ण झाली की तिथं घेत नाहीत. निकालाच्या कागदावर दोनच ओळी होत्या. उजव्या हाताचं चौथं बोट वापरात नाही, पाया चुकीचा घातला गेला आहे. योग्य शिक्षक मिळाल्यास पुढील वर्षी शेवटची संधी.

मास्तरांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन तीनदा वाचला. मग ठकीला बसवलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून ऐकलं. पोरगी आपल्या धडधाकट हातानं त्यांचा तुटका हात वाजवत होती. अगदी हुबेहूब. पाची बोटं वापर, हे त्यांनी हजारदा सांगितलं असेल. पण पोरं सांगितलेलं थोडंच शिकतात, दाखवलेलं शिकतात. यंत्रानं आपलं एक बोट नेलं आणि आपण या पोरीचं नेलं, हे त्यांच्या मनात आलं ते काही केल्या जाईना. जेवताना आठवायचं, बूट घालताना आठवायचं.

आधी त्यांनी स्वतःच निस्तरून पाहिलं. दोन महिने खपले. पण दाखवायला बोटच नाही तर दाखवणार काय? कागदावर हाताचं चित्र काढलं, तोंडानं सांगून सांगून घसा बसला. ठकी समजूतदारपणे मान डोलवायची आणि वाजवायला लागली की बोट पुन्हा वर. पालथ्या घड्यावर पाणी.

मग शोधाशोध सुरू झाली. पहिल्या गृहस्थांनी सांगितलं, भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढत नसतं, सहा वर्षांखालचं पोर असेल तर आणा. दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षं थांबायला सांगितलं. तिसरा तरुण होता, गोड बोलला. हौसेसाठी पाठवा, चार गाणी बसवून देतो, परीक्षेचं मात्र माझ्याकडे काढू नका, म्हणाला. चौथ्यानं तर दारातच आधीच्या मास्तरचा उद्धार केला. प्रत्येक ठिकाणी मास्तर सरळ सांगायचे की मीच शिकवलंय हिला, आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याचा चेहरा बदलायचा. ज्यानं घोळ घातला तोच उद्या आपल्या शिकवण्यात नाक खुपसणार, असं त्यांना वाटत असणार, आणि त्यात त्यांचंही काही चुकत नव्हतं. चार उंबरे झिजवल्यावर मास्तरांना शहाणपण आलं.

या बाई पाचव्या. त्याच संगीतशाळेत सव्वीस वर्षं शिकवून घरी बसलेल्या. फोनवर त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तेव्हा मास्तर सलग चार सकाळी त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. एक हात खिशात, दुसऱ्यात टोपी, साठी उलटलेला माणूस. येणाराजाणारा त्यांना पत्ता विचारायचा. पाचव्या सकाळी पाव घेऊन परतणाऱ्या बाई स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, आणा मुलीला, दहा मिनिटं बघते, वर एक मिनिट नाही.

ती दहा मिनिटं आता चालू होती. परीक्षेला उरले होते सात महिने.

बाईंनी ठकीचं मधलं बोट आणि करंगळी आपल्या बोटांखाली दाबून धरली आणि सांगितलं, आता मधे राहिलंय ते एकटं खाली आण. ठकीनं जोर लावला. ओठ आवळले गेले, खांदा वर चढला, कपाळाला घाम आला. बोट थरथरलं, पण खाली येईना.

“कुणी शिकवलं हिला?”

“होते एक. गल्लीतलेच,” मास्तर म्हणाले.

“आंधळे होते का?”

ठकीची मान गर्रकन वळली. मास्तरांनी डोळ्यांनीच तिला दटावलं. तिचे कान लाल झाले, पण तिनं मान परत पट्ट्यांकडे वळवली. बाई बोलत होत्या. आवाज चढवत नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागत होतं. मुलीचा कान चांगला, लय पक्की, असं मूल दहा वर्षांत एखादं येतं, आणि ते नेमकं कुणा हौशी माणसाच्या तावडीत सापडावं. असल्या लोकांना पियानोजवळ फिरकू देऊ नये. मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य अडकून बसलं होतं, दहा वर्षांत एखादं येतं.

मग बाईंनी अट घातली. ठकीनं रोज दुपारी यायचं, सरावही इथंच करायचा. आणि त्या मास्तरांकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. त्यांचं वाजवणं बघायचं नाही, त्यांच्यासमोर वाजवायचं नाही, त्यांच्या पियानोला हात लावायचा नाही. परीक्षा होईपर्यंत नव्हे, कायमचं. ते डोळ्यांपुढं आलं की हा हात पुन्हा त्याच वाटेनं जाणार.

“मग मला नाही शिकायचं,” ठकी म्हणाली आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली घालून टाकले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. हे दार लागलं की सहावं दार नव्हतं. मास्तर उठले, ठकीजवळ गेले आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत तिच्यासमोर खाली बसले.

“नीट ऐक,” ते म्हणाले. “बाई म्हणतात ते खरं आहे. त्या मास्तरनं तुझं नुकसान केलंय.”

“नाही केलं.”

“केलंय. चार वर्षांत एकदा तुझ्या हाताकडे बघितलं नाही त्यानं. डोळे मिटून बसायचा. तू वाजवायचीस आणि तो त्यात स्वतःला ऐकायचा. असल्या माणसाकडे परत जायचं नसतं.”

ठकी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण तिनं पाणी खाली पडू दिलं नाही.

“त्यांना वाईट वाटेल ना,” ती म्हणाली. आणि मग थांबून, “आजोबा.”

घोकून घेतलेला शब्द अगदी जागच्या जागी आला होता.

“वाटू दे,” मास्तर म्हणाले. “मी सांगतो त्यांना. समजतील ते.”

ठकीनं मांडीखालचे हात काढले. एक, मग दुसरा.

बाईंनी वही पुढं केली. मुलीचं नाव, आईचा फोन, घरचा पत्ता. मास्तरांनी डाव्या हातात पेन धरलं आणि एक ओळ खरडली. ती त्यांची त्यांनाच वाचता येईना. दुसरी त्याहून वाईट. बाई नुसत्या उभ्या होत्या. शेवटी उजवा हात खिशातून निघाला. मास्तरांनी मान खाली घालून पत्ता लिहिला, सावकाश, वळणदार अक्षरात. मान खाली असली तरी त्यांना कळत होतं की बाई आधी त्यांच्या हाताकडे बघतायत, मग ठकीच्या, मग पुन्हा त्यांच्या. आता दोघांनाही बाहेर काढणार, अशी त्यांची खात्री झाली. लिहून झालं तरी ते पेन खाली ठेवेनात.

“नात ना तुमची?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“अट तीच राहील.”

“हो.”

“सोडायला-न्यायला आजोबांनी यायला हरकत नाही. पण बाहेर बसायचं. जिन्यात.”

मास्तर बाहेर आले. बाईंनी दार ओढून घेतलं. कडी लावल्याचा आवाज काही आला नाही.

ते तिसऱ्या पायरीवर बसले. बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. मग एक सूर आला, एकटाच. अशक्त, लंगडा, यायचा तेव्हा न आलेला. तो त्या चौथ्या बोटाचा, हे मास्तरांना लगेच ओळखता आलं, कारण ठकीच्या हातून असला सूर त्यांनी कधीच ऐकला नव्हता. पुन्हा आला. पुन्हा चुकला. मास्तरांनी सवयीनं डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

वरच्या मजल्यावरच्या एक बाई भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत चढत होत्या. मास्तरांनी गुडघे बाजूला घेतले. त्या तिथंच दम खायला थांबल्या आणि बंद दाराकडे बघून कुरकुरल्या, की मघापासून हा एकच सूर चाललाय, आणि तोही धड नाही.

“माझी नात आहे,” मास्तर म्हणाले. “आजच शिकायला लागलीय.”