तिघींचं जेवण

अक्षदानं बाटली गुडघ्यांत घट्ट धरली आणि बुचात स्क्रू फिरवायला घेतला. स्क्रू आत गेला, पण ओढायला गेलं की बोटं घसरत होती.

"पक्कड हाय का गं कुठं?" तिनं राजेश्वरीला विचारलं.

राजेश्वरी गॅसपाशी होती. ती वळायच्या आत अर्पिता उठली, मीटरखालच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि पक्कड आणून अक्षदाच्या हातात दिली. शोधाशोध नाही, विचारणं नाही.

अक्षदानं जोर लावला. अर्धं बूच वर आलं, उरलेल्याचा भुगा आत पडला.

"गाळून घेऊ की," अर्पिता म्हणाली आणि चहाची गाळणी घेऊन आली. तीही तिला लगेच सापडली.

वाईन अक्षदानंच आणली होती. जिल्ह्यातल्याच वाशीहून एसटीनं, टॉवेलात गुंडाळून, शाळेच्या पिशवीत पेपरच्या गठ्ठ्याखाली. बी.एड.ला सोलापुरात असताना तिघींनी होस्टेलच्या गच्चीवर एकदाच घेतली होती. त्या आठवणीपायी तिनं नवऱ्याला खास आणायला लावली. राजेश्वरीनं जेवायला बोलावल्यावर बुधवारही तिनंच ठरवला. मंगळवारी तुळजापुरात, त्यातही राजेश्वरीच्या घरी, मटणाचं नावसुद्धा निघालं नसतं. राजेश्वरीचा नवरा सोलापूरला गेलेला, सासू सत्यभामाबाई खाली घरच्याच लॉजच्या काउंटरवर. वरच्या घरात तिघीच.

वाईन स्टीलच्या पेल्यांत ओतली गेली.

"काकू वर आल्या तर?" अक्षदानं विचारलं.

"कोकम सरबत."

"आन् वास आला तर?"

"अक्षीनं केलंय म्हणायचं," अर्पिता म्हणाली. "तिच्या हातचं सगळंच आंबतं."

दोघी खळखळून हसल्या. अक्षदाही हसली, जरा उशिरा.

"अर्पे, बास. दोनशे तीनच्या आजोबांगत तोंड करू नको," राजेश्वरी डोळे पुसत म्हणाली, आणि अर्पितानं हनुवटी पुढं काढून कुणाची तरी नक्कल केली.

"कोण आजोबा?"

"लॉजवर आलते गं एक. सोड, सांगून न्हाय कळायचं."

अक्षदानं पेला तोंडाला लावला. वाईन तुरट होती. राजेश्वरी आणि ती पाचवीपासून एका बाकावरच्या. अर्पिता नंतरची, तिला यांच्यात आणली ती अक्षदानंच. पुढं आपल्या मामेभावाचं, श्रीनाथचं स्थळही तिनंच सुचवलं. तामलवाडीला द्राक्षबाग, पक्कं घर, निर्व्यसनी मुलगा. लग्नात मामींनी सगळ्यांदेखत तिला मानाची साडी नेसवली होती. दोन घरं जोडली, असं ती अजून सांगायची.

"श्रीनाथ आलता का सोडायला?"

"न्हाय. जीपनं आले," अर्पिता पेल्यात बघत म्हणाली.

राजेश्वरीनं ताटं वाढली. अक्षदाच्या ताटात रस्सा, ठेचा, अख्खी भाकरी. अर्पिताच्या ताटात तिनं आधीच भाकरी कुस्करली होती. वर रस्सा ओतला आणि हाडं बाजूला काढून मऊ फोडी तेवढ्या वाढल्या. ठेच्याची वाटी तिच्यापासून लांब सरकवली.

"मला पण कुस्करून दे की," अक्षदा म्हणाली. चेष्टेत म्हणायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

"तुला दात न्हायत व्हय?" राजेश्वरी म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. अर्पिता सावकाश, एकाच बाजूनं चावत होती.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. सत्यभामाबाई दारात आल्या, धापा टाकत. पेल्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"अर्पिता, तुझ्या खोलीतली गादी बदलून घेतलीय गं. पाठ दुखती म्हणालतीस न्हवं? आन् गोळी इसरू नको." मग त्यांना अक्षदा दिसली. "तू कवा आलीस, अक्षदा? बरं झालं. जेवा."

त्या खाली गेल्या. राजेश्वरी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली.

"तुझी खोली?" अक्षदानं विचारलं.

"संक्रांतीपासनं," अर्पिता म्हणाली.

"आन् श्रीनाथ?"

अर्पितानं गालावर हात ठेवला. चेपून नाही, नुसता टेकवला. "डाव्या बाजूनं अजून चावता येत न्हाय," ती म्हणाली.

रस्त्यावरून भाविकांची बस गेली, आत बायका आरती म्हणत होत्या.

"मला न्हाय सांगितलंत," अक्षदा म्हणाली. "हिला सांगितलंस. मला न्हाय."

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस," राजेश्वरी म्हणाली. "येताना पेढे आणले असतेस, हिची ओटी भरली असतीस, आन् नेऊन सोडली असतीस तामलवाडीला. माहेरास्नं दोनदा नेलीस, अक्षे. दोन्ही येळा ही काय सांगत हुती, ते ऐकून तरी घेतलंस का?"

"स्थळ म्या आणलं हुतं गं," अक्षदा म्हणाली. "मी न्हाय मिटवायचं तर कुणी?"

"म्हणून तर."

"मग आज कशाला बोलावलंत?"

"मीच म्हणाले," अर्पिता म्हणाली. "तुला बघावं वाटलं."

अक्षदानं ताटातलं हाड उचललं, परत ठेवलं. डोळे चुरचुरले, आणि ते अर्पितासाठी की स्वतःसाठी, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं तो खरकट्या हातानंच बाहेर काढला आणि नाव बघितलं.

"श्रीनाथ," ती म्हणाली.

अर्पितानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ती फोनकडे बघत नव्हती, जिन्याच्या दाराकडे बघत होती.

अक्षदानं फोन उचलला. खोली एवढी शांत होती की त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"ताई, तुळजापुरात हायस म्हणं? भावजी म्हणाले. आर्पी हाय का तिथं? माहेरी न्हाय ती, आज परत जाऊन आलो."

"न्हाय," अक्षदा म्हणाली. "आमी दोघीच हाव."

"खरं सांग, ताई."

"तुझ्याशी कधी खोटं बोलले का रे मी?"

"न्हाय," तो म्हणाला. "दिसली तर समजावून आण तिला. तुझं ऐकती ती."

"व्हय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

टेबलापलीकडे राजेश्वरीचा हात अर्पिताच्या हातावर होता. बोटांत बोटं गुंतलेली. अक्षदानं ते बघितलं. मग ती उठली, जिन्याचं दार लोटलं, आतून कडी घातली, आणि त्या दोघींकडे पाठ करून थोडा वेळ तिथंच उभी राहिली.