पंख्यातला बोळा

"मावशी, जरा मागं सरा. आतनं काय निघंल त्याचा भरवसा न्हाय," असं म्हणत रेश्मानं नाकातोंडाला फडकं बांधलं आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर पालथा घातला.

अक्कम्मा मागं सरली नाही. उलट स्टूल पुढं ओढून, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. आज काय तो निकाल लागायचा होता.

दाराच्या चौकटीला टेकून तिचा मुलगा अमरेश उभा होता. सव्वीस वर्षांचा, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. "मॅडम, आधीच सांगून ठेवतो," तो म्हणाला. "आमच्या अव्वानं त्याची पूजा केलीय. विभूत, हळद, कुंकू. आत गच्च बसलं असणार."

"खंडेनवमीला सगळेच करत्यात की," रेश्मा स्क्रू काढता काढता म्हणाली.

"सगळे वरनं करत्यात. हिनं जाळीत ओतलं."

"ओतलं कुटं रे? बोटानं वडली. तीन पट्टे." अक्कम्मानं हवेत तीन बोटं फिरवून दाखवली.

"ऐकलंत? कबूल हाय." अमरेश हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "मी चहा सांगून येतो. उघडलेलं बघवत न्हाय मला." आणि तो बाहेर सात रस्ता चौकाच्या गर्दीत नाहीसा झाला.

सोलापुरात मिलचा भोंगा वाजायचा त्या काळापासून अक्कम्माच्या घरी खंडेनवमीला एकच हत्यार पुजलं जाई, ते म्हणजे विडीची पानं कापायची कात्री. नवरा लवकर गेला, तेव्हा त्याच कात्रीनं संसार उभा केला. आता विड्या वळायचं सुटलं होतं, कात्री पुजायचं सुटलं नव्हतं. यंदा तिच्या शेजारी तिनं अमरेशचा लॅपटॉप ठेवला. पोरगा त्यावर नोकरीची कामं करतो, रात्री त्यावरच गेम खेळतो आणि म्हणे लोक ते बघत बसतात. म्हणजे हत्यारच की ते! तिनं मोठ्या मायेनं विभूत लावली, फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली.

आठ दिवसांनी यंत्र तापायला लागलं. पंखा असा घोंघावे की भिंतीपलीकडून तिला ऐकू येई. मग ऐन खेळात फटकन बंद पडू लागलं. मोठ्या स्पर्धेतून अमरेश अर्ध्यावर बाहेर फेकला गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं आईशी बोलणं टाकलं. ताट उचलून खोलीत न्यायचा, दार लावून घ्यायचा. 'तुझ्या विभुतीनं माझं वाटोळं केलं,' एवढंच एक वाक्य दाराआडून आलं होतं. घरात दोनच माणसं, त्यातलं एक मुकं झालेलं. आज ती स्वतः हट्टानं रिक्षा करून यंत्र घेऊन निघाली, तेव्हा तो नाइलाजानं मागं आला.

एकाच गोष्टीचं तिला समाधान होतं. त्या बंद खोलीतून रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्तीचा वास यायचा. न सांगता, न बोलावता. घरी येणाऱ्या स्वामींनासुद्धा तिनं कौतुकानं सांगितलं होतं, आमचा अमरेश लई देवाधर्माचा निघाला.

कटकन आवाज झाला आणि मागचं झाकण निघालं.

"अगं बाई!" रेश्मा मागं सरकली.

आधी झुरळ निघालं, मेलेलं, पाय वर केलेलं, शेजारी त्याची अंडी. मग फरसाणाची शेव, कापलेली नखं, तेलकट केस, काहीतरी गोड सांडून त्यावर चिकटलेल्या मुंग्यांची काळी रांग. अक्कम्मानं पदर नाकाला लावला. शिव शिव! जेवायच्या ताटाशेजारी मांडतो हे यंत्र!

"ही बघा तुमची विभूत." रेश्मानं चिमट्याच्या टोकानं झाकणाच्या आतली कड दाखवली. पांढरी पूड होती, पण कितीशी? भुरभुरल्यासारखी. "एका फुंकरीत जाईल. हिनं काय यंत्र तापत न्हाय, मावशी."

"खरं सांगतीस?"

"आमच्यातबी असतंय की. माझ्या सासूबाई दुकानातल्या समद्या मशिनींना भंडारा लावत्यात. एक पण बंद पडलं न्हाय."

अक्कम्माच्या छातीवरचा दगड उतरला. ती मोकळेपणानं हसली. पण तोवर रेश्मानं पंखा सोडवून वर काढला होता, आणि रेश्मा हसत नव्हती.

पंख्याच्या आणि तांब्याच्या नळ्यांच्या मध्ये जी बारीक जाळी असते, तिथं एक बोळा बसला होता. धुळीचा बोळा राखाडी असतो, चिमटीत धरला की सुटतो. हा पिवळट तपकिरी होता आणि सुटत नव्हता. रेश्मानं ओढला तसा तो ओल्या कातड्यासारखा ताणला गेला. पंख्याच्या पात्यांवरही तेच किटण होतं. तिनं तो कागदावर टाकला आणि कागद हाताच्या पाठीनं लांब ढकलला.

"घरात सिगरेट कोण वढतंय?"

"आमच्यात? कुणीच न्हाय."

"मावशी, ह्यो धुराचा चिकटा हाय. वढणाऱ्याच्या मशिनीत असाच निघतोय, आमी रोज बघतो. धूर आत वडला जातो, धुळीला धरतो, मग हवाच जाईना. तापंल न्हाय तर काय?"

"उदबत्तीचा असंल. माझा मुलगा दोन येळ लावतो."

रेश्मानं फडकं नाकावर आणखी वर ओढलं.

अक्कम्मा वाकली. खरं तर तिला वाकायची गरज नव्हती. वास आपणहून येऊन पोचला होता. वर मोगऱ्याच्या उदबत्तीचा, खाली तंबाखूचा. विडीचा नव्हता, पण तंबाखूला काय, कुठल्याही कागदात गुंडाळा!

तिनं स्टूल मागं ओढलं.

सारी उमर ती या वासात बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, गल्लीत दारोदार बायका, कुणी कानडी, कुणी तेलुगू, वळता वळता गाणी म्हणणाऱ्या आणि शिंकणाऱ्या. गाण्यांची आठवण अजून गोड वाटे, वासाची नाही. नखांच्या कडांतून तो जातच नसे. राख लावून झाली, रिठे झाले, लिंबाच्या साली झाल्या. लग्नकार्यात गेली की हात पदराखाली ओढून बसायची.

आणि अमरेश. लहान होता, दूधभाताचा घास तोंडाशी नेला की मान फिरवायचा. "अव्वा, हाताला घाण येतंय. चमच्यानं दे." शेजारीण हसली होती. अक्कम्माही हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून स्टीलचा चमचा आणला होता. त्यानंतर तिच्या हातानं तो कधी जेवला नाही. तिला राग आला नव्हता. उलट वाटलं होतं, बरं झालं, ह्याला शिसारी आली. हा तरी सुटला.

समोर रेश्मा आपलं काम करत होती. चिपवरचा जुना लेप वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. यंत्राची उष्णता नळ्यांकडं नेणारा हा लेप असा वाळला की सगळी आग आतच कोंडते, असं ती सांगत होती. स्पिरिटच्या कापसानं खरवडून तिनं खालची चिप ऊन पडल्यासारखी लख्ख केली, ट्यूबमधून वाटाण्याएवढा नवा राखाडी लेप सोडला आणि नळ्या जागेवर दाबल्या. जाळी ब्रशनं घासली. कापसाचे बोळे तपकिरी होऊन टोपलीत पडत होते.

अक्कम्माला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती कागदावरच्या त्या घाणीकडं बघत होती. खोलीतली उदबत्ती, स्वामींपुढची आपली फुशारकी. एवढी खोटी उदबत्ती! देवाच्या नावानं लावलेली!

अमरेश परत आला. एका हातात चहाचे कप, दुसऱ्या हातात कांदाभज्यांचा पुडा, तोंडात बडीशेप.

"काय मॅडम, विभूतच ना?"

रेश्मानं तोंडावरचं फडकं खाली केलं, पण बोलायच्या आधी अक्कम्माकडं पाहिलं.

"तूच बघ की," अक्कम्मा म्हणाली.

त्यानं कागदाकडं पाहिलं. वाकला. त्याचं बडीशेप चघळणं थांबलं. मग तो सरळ उभा राहिला आणि भिंतीवर टांगलेल्या केबलींकडं बघू लागला.

रेश्मानं शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबलं. पडदा उजळला. पंखा फिरत होता, पण कान लावल्याशिवाय कळत नव्हतं. "बघा, गार हाय," ती म्हणाली.

"व्हय की," अमरेश घाईनं म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "अव्वा, मी उगं तुला बोललो. विभुतीनं काय होतंय?" त्यानं पुडा सोडला, एक भजं उचललं आणि तिच्या तोंडाशी नेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "खा. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस तू. गरम हाय."

त्याची दोन बोटं तिच्या ओठांजवळ आली. तेलाचा वास, कांद्याचा वास, आणि त्याच्याखालून तोच, तंबाखूचा.

अक्कम्मानं मान फिरवली.

"चमच्यानं दे," ती म्हणाली.

"भजं चमच्यानं कोण खातंय व्हय, मावशी?" रेश्मा हसत म्हणाली.

अमरेशचा हात तसाच राहिला, भजं धरलेला. मग त्यानं ते हळूच परत पुड्यात ठेवलं, आणि शर्टाची बाही खाली ओढत ओढत बोटांच्या टोकांपर्यंत आणली.