नालीतले दगड

चातुर्मासात रोज सकाळी पिंपळाला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. सासूबाईंकडून आलेला नेम. पूर्वी पाणी देवळामागच्या नाल्यातून घ्यायचे. पण कोळशाची उघडी खाण वाढली, नाला वळवला गेला आणि तिथे नुसती वाळू उरली. रानातलं पावसाचं पाणी खाणीत उतरू नये म्हणून खाणीच्या काठाने नाली खोदली आहे. वाहतं पाणी आता तेवढंच, आणि नेमाला वाहतंच लागतं. नालीत तांब्या बुडेना, म्हणून आम्ही नेमाच्या बायांनी आडवे दगड लावले, मातीची पोती टाकली. छान डबकं झालं. देवानेच सोय केली, असं वाटलं.

काल रात्रभर पाऊस होता. उजाडताना गेले तर दगडांना कपाशीच्या पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक अडकून भिंतच झालेली. पाणी मागे तुंबून खाणीकडच्या मातीच्या पाळीवर चढलं होतं. पाळीची माती सुटत होती. पाळीखाली खाण, आणि खाणीच्या तळाशी पंपावर आमचे हे, रातपाळीला.

शेजारच्या रुखमाबाई शेळ्या घेऊन मागोमाग आल्या. "काय मौनीबाबा, देव बोलला का आज?"

मी पाळीकडे बोट केलं. त्यांचं हसू गेलं. "अवं माय! भाऊजी खालीच हायेत ना?"

मी मोबाईल लावला, स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. नेम मोडायला जीभ धजत नव्हती.

"भाऊजी, वर निघा! पाणी येऊन राह्यलं!"

पलीकडून हसण्याचा आवाज. "परवा वाघ आलता, आज पाणी! सकाळी सकाळी कायले मस्करी करता, वहिनी? चहा पाठवा चहा."

"मस्करी नाही वो, गळ्याची आन!"

"वाघाच्या वेळीबी गळ्याचीच आन होती." फोन बंद.

"घ्या! माह्या जिभेनंच घात केला," रुखमाबाई म्हणाल्या. तेवढ्यात पाळीचं एक मोठं ढेकूळ आमच्या डोळ्यांदेखत खाली गेलं. त्याचा आवाज फार उशिरा आला, खोलवरून.

मी पुन्हा फोन लावला.

"आता काय, बिबट्या?" हे म्हणाले.

"अहो," मी म्हणाले. "वर या."

आवाज इतका बारीक, की माझा मलाच अनोळखी वाटला. चातुर्मासात इतक्या सकाळी यांनी तो कधी ऐकला नव्हता. मग यांची आरोळी, माझ्यासाठी नव्हती ती. "रामधन! पंप राहू दे! वर चला सगळे, वर!"

आम्ही दोघी नालीत उतरलो. पोती ओढली, दगड ढकलले. पाणी मोकळं धावू लागलं, पण तोवर पाळीला भगदाड पडलंच. गढूळ लोंढा खाणीत कोसळला. खाली बघायची हिंमत होईना. मी चढणीच्या रस्त्याकडेच बघत राहिले. पिवळ्या टोप्या वर येऊ लागल्या. मी एकच शोधत होते.

ती सगळ्यांत शेवटी आली.

हे नालीकाठी आले, निसटलेल्या दगडांकडे बघितलं. "हे कोणं लावलं?"

"आम्हीच."

ते खाली उतरून उरलेले दगड उचलून काठावर टाकत राहिले. शेवटचा टाकून झाल्यावर म्हणाले, "पिंपळाले पाणी घातलं?"

तांब्या केव्हाच वाहून गेला होता. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी खांद्याची बाटली काढून पुढे केली. पंपावर नेलेलं, घरच्या माठातलं उरलेलं पाणी.

वाहतं नव्हतं. मी घेतलं.