निळं झालेलं विहिरीचं पाणी

चावडीपुढं अख्खं गाव गोळा झालं होतं. गावात आलेल्या अंगारेबाबानं पेल्यातल्या विहिरीच्या पाण्यात चिमूटभर अंगारा टाकला आणि ते निळंशार झालं. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी मात्र नितळ राहिलं.

"सरकारच्या भुकटीचं जहर हे, मायबाईहो. माह्या अंगाऱ्यापुढं ते लपत नाई. आजपासून लेकराईले झिऱ्याचंच पाजा."

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आल्यापासून विहिरीत ब्लीचिंग पावडर पडत होती. ते उग्र वासाचं पाणी इंदूबाईनंच आपल्या लेकीला, मैनाला पाजलं होतं. कडेवरची मैना आताही पाणी मागत होती. इंदूबाई झिऱ्याच्या घागरीकडं वळली.

"ताई, थांब." तिचा धाकटा भाऊ धर्मपाल अमरावतीहून नुकताच बी.एस्सी. होऊन आला होता. त्यानं झिऱ्याच्या पाण्यात विहिरीत टाकायची कणभर पावडर विरघळवली. "बाबा, आता टाका अंगारा."

पाणी निळं झालं.

"जहर टाकलं, जहर दिसलं," बाबा हसला. "कॉलेजात हेच शिकला का बे?"

लोकही हसले. धर्मपालनं खिशातून जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनची बाटली काढली आणि शेतावर निघालेल्या पार्बताबाईच्या शिदोरीतल्या भाकरीवर थेंब टाकला. डाग काळानिळा पडला.

"काकू, भाकरीत जहर कालवलं का तुमी?"

"माह्या भाकरीले नाव ठेवतं का रे?" पार्बताबाई उसळली.

"नाई, काकू. आयोडीन पिठाले लागलं का निळंच होते. बाबाच्या अंगाऱ्यात पिठाची वाळवलेली खळ हाय, अन् आयोडीनचा क्षार. पाण्यातलं पावडरीचं औषध त्या क्षारातलं आयोडीन मोकळं करते. निळं म्हंजे औषध जागं हाय. झिऱ्यात ते नाईच. नदीच्या वरच्या अंगाले पटकीच्या रोग्याईचे कपडे धुवून राहिले, ठाऊक हाय ना?"

बाबा झोळी आवरू लागला.

इंदूबाईची भीती तरी सरली नव्हती. "औषधानं पुढं माह्या पोरीले काईच होनार नाई, असं सांगतं?"

धर्मपाल घुटमळला. "नाई सांगत. गढूळ पाण्यात औषध मिसळून काय काय तयार होते, ते शास्त्राले अजून पुरतं ठाऊक नाई. म्हनून पाणी आदी गाळा, औषध मापानं टाका. पण पटकी जीव घ्यायले आठ दिवसही थांबत नाई, ताई."

इंदूबाईनं विहिरीचं पाणी मैनाच्या ओठांना लावलं.

भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण "मला सगळं ठाऊक आहे" म्हणणाऱ्याच्या हाती ती सोपवू नका. त्याच्या चिमटीत काय आहे, ते आधी विचारा.