डब्याच्या बुडावरचं नाव

सुचित्रा वाकणकर निवडून आली तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे मी वाटले. शेजारीण माझी! अमेरिकेतल्या नोव्हायजवळच्या आमच्या गावात सिटी काउन्सिलवर बसलेली पहिली मराठी बाई. त्यामुळे शहाऐंशीच्या मार्चमध्ये तिच्या अब्रूवर बेतलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत हजर होते. आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

प्रश्न शाळेमागच्या रानाचा होता. हेंड्रिक्स नावाच्या बिल्डरला ते तोडून तिथे मॉल बांधायचा होता. काउन्सिलच्या पाच जणांपैकी एक हॉस्पिटलात. रॉन प्रुइट आणि त्याचा एक दोस्त मॉलच्या बाजूचे, डोरोथी विरुद्ध. सुचित्राचं मत विरोधात पडलं, की दोन-दोन होऊन प्रस्ताव बारगळणार. तिला मत देता आलं नाही, तर रान गेलंच म्हणायचं.

मतदानाच्या तोंडावर रॉन उठला आणि त्याने टेबलावर स्टीलचा एक डबा आपटला.

"हा हेंड्रिक्सच्या ऑफिसात होता. नवऱ्यासाठी काम मागायला या मॅडम खाऊ घेऊन गेल्या. त्याने नाही म्हटलं, म्हणून आता सूड! यांना मत देण्याचा हक्कच नाही."

हेंड्रिक्सने लगेच मान डोलावली.

"धादांत खोटं!" मी ओरडले. पण डबा तिचाच होता, हे मलाही दिसत होतं. गेल्या दिवाळीत तिने काउन्सिलच्या चौघांना असेच चिवड्याचे डबे दिले होते. तिच्या नवऱ्याने, दिगंबरभावजींनी, गॅरेजमध्ये बसून त्यांच्या बुडांवर मराठीत काहीतरी कोरलं होतं.

गावाच्या वकिलांनी डबा उलटा केला. "हे काय लिहिलंय?"

सुचित्राने डबा हातात घेतला आणि शांतपणे वाचलं, "रॉन प्रुइट यांस सप्रेम भेट. सुचित्रा, दिवाळी १९८५."

रॉन हसत सुटला. "ही काय, वाटेल ते वाचेल!"

मी ताडकन हात वर केला.

"तुम्ही यांच्या मैत्रीण?" वकिलांनी विचारलं.

"जिवलग!" मी छाती फुगवून म्हणाले, आणि आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"यांची मैत्री नसलेलं, पण हे वाचता येणारं कुणी आहे का इथे?"

आमच्या अख्ख्या रांगेने एकदम मागे वळून पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर गिरीश सोहोनी बसला होता. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षपदाला सुचित्राने त्याला चार मतांनी पाडलं, त्याने रागाने दुसरं मंडळ काढलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांत अबोला. आज तो तिची फजिती बघायलाच आला असणार. हा नुसता "समजत नाही" म्हणाला असता तरी ती संपली होती.

गिरीश पुढे आला. "या बाईंशी मी बोलत नाही, आणि बोलायची इच्छाही नाही," तो इंग्रजीत म्हणाला. मग चष्मा सारखा करून त्याने बुडावरची अक्षरं वाचली आणि अर्थ सांगितला. शब्दन् शब्द तोच!

"रॉन, डबा देताना तू तर म्हणालास त्यावर तिचंच नाव आहे म्हणून!" हेंड्रिक्स बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मग काय, नुसता हलकल्लोळ! बिल्डरशी संगनमत केलं म्हणून रॉनलाच खुर्ची सोडावी लागली. मतदान झालं, दोन विरुद्ध एक. रान वाचलं! मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता.

पार्किंग लॉटमध्ये सुचित्राने गिरीशला गाठलं. "गिरीश, थँक यू रे."

"थँक यू कशाचं? लिहिलं होतं ते रीड केलं." तो गाडीची किल्ली शोधत राहिला. मग एकदम म्हणाला, "पण त्या रॉनला नाव घालून डबा देतेस, यार, आणि आम्हाला दोन वर्षं चिवड्याचा दाणा नाही!"

सुचित्राचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू? "उद्या सकाळीच आणते," ती म्हणाली.

"उद्या?" गिरीश दचकलाच. "वेडी आहेस का? लोक म्हणतील साक्ष विकली! दिवाळीला दे."