पाणघोड्याचा ढोल

योतामूने बोट जिभेला लावले आणि पान उलटले. मग तेच पान पुन्हा मागे केले. मग पुस्तक मिटून त्याने वरचे चित्र नीट पाहिले. चित्र तेच होते. चटईवर बसलेला पाणघोडा आणि त्याच्यासमोर वाडगा. कोपऱ्यातला माशाच्या तेलाचा डागही तोच, त्याच्या स्वतःच्या हातून पडलेला. अकरा वर्षांत तो पिवळ्याचा तपकिरी झाला होता, इतकेच.

"बाई," तो म्हणाला, "ह्या पुस्तकातला मजकूर कुणीतरी बदललाय."

शाळेच्या ओट्यावर बसलेली म्हातारी मंडळी हसली. शनिवारी दुपारी मुलांच्या बाकांना सुट्टी असे, तेव्हा ही मंडळी जमत. मागच्या वर्षी मका कापून झाल्यावर म्वाले बाईंनी त्यांना पहिले अक्षर दिले होते. आज त्यांनी पुस्तकांचे कपाट उघडून दिले. मुलांचा नियम तोच मोठ्यांचा. ज्याने त्याने आपल्या आवडीचे पुस्तक घ्यायचे, घरी न्यायचे, घरच्या माणसाला वाचून दाखवायचे. ऐकणाऱ्याने कार्डावर खूण करायची. बाकीच्यांनी पाने मोजून सगळ्यांत बारीक पुस्तके उचलली. योतामूचा हात मात्र सरळ पाणघोड्यावर गेला होता.

"पुस्तक कसं बदलेल?" शेजारची एनेलेसी म्हणाली. "तुमचे डोळे बदललेत, योतामूभाऊ. चष्मा घ्या. नाहीतर एक दिवस मासा समजून चप्पल आणाल घरी."

"ह्यात ढोल होता."

"कसला ढोल?"

"पाणघोड्याचा. तो सरोवरात हरवतो. मग पाणघोडा एकेका माशाला विचारत जातो, आणि प्रत्येक मासा त्याला खोटी दिशा दाखवतो. शेवटी कळतं की ढोल..."

तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

म्वाले बाई येऊन त्याच्याजवळ बसल्या. त्यांनी पुस्तक घेतले आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचले. पाणघोडा जेवायला बसला. आई म्हणाली, हात धुतलेस का? पाणघोडा साबण शोधायला गेला. साबण खिडकीत होता. पाणघोड्याने हात धुतले. आई म्हणाली, शाबास.

आठ पाने होती. पानागणिक एक ओळ, फार तर दोन.

"मीही असंच वाचलं," योतामू म्हणाला.

"बरोबर वाचलंत मग."

"मग ढोल कुठे गेला?"

बाईंचे बोट शेवटच्या ओळीखाली तसेच राहिले. त्यांनी वर पाहिले नाही. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारले, "तिसुंगे?"

योतामूने पुस्तक कापडी पिशवीत घातले, कार्ड घातले, आणि तो काठी शोधू लागला. काठी त्याच्या मांडीवरच होती.

घरची वाट सरोवराच्या काठाने जात होती. रोज चालायची वाट, पण आज तिच्यावर त्याला दोनदा ठेच लागली.

तिसुंगे त्याच्या मुलीची मुलगी. दहा-अकरा वर्षांची असताना दर शुक्रवारी हीच पिशवी घेऊन ती किनाऱ्यावर यायची. तो पालथ्या होडीला टेकून जाळे सांधत असायचा. ती समोर बसायची, पुस्तक उघडायची आणि सुरू करायची. तिचे बोट ओळीखालून सरकायचे आणि योतामू तिच्या तोंडाकडे बघायचा. पानाकडे त्याने कधी पाहिले नाही. पाहून करायचे काय होते?

काय एकेक गोष्टी असायच्या! चंद्राला गळ टाकणारी म्हातारी. लग्नाला जाऊन नवरीच विसरून आलेले बगळे. त्याच्या हातातली सुई थांबायची. होड्या ढकलणारे गडी कमरेएवढ्या पाण्यातून ओरडायचे, "ए तिसुंगे, पुढे काय झालं? होडी नेतो, पण आधी सांग!" पाणघोड्याचा ढोल तर तिने तीन वेळा वाचला, गड्यांच्या आग्रहाखातर. तिन्ही वेळा मासे वेगळे निघाले. योतामूला तेव्हा वाटले होते, पुस्तक म्हणजे सरोवरच. जाळे टाकाल तेव्हा नवा मासा.

वाचून झाले की घरी येऊन तो चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला अंगठा घासायचा आणि कार्डावर ठसा उठवायचा. जाळ्याच्या दोराने कापलेल्या जुन्या जखमेची आडवी रेघ त्या ठशात स्पष्ट उमटायची. चाळीस ठसे झाले, तेव्हा शाळेने तिला साऱ्या गावासमोर निळी बादली बक्षीस दिली. ती बादली योतामूने डोक्यावर घेऊन घरी आणली, रिकामीच.

पुढच्याच महिन्यात म्वाले बाई घरी आल्या. तेव्हा त्या नव्या होत्या, पोरसवदा. म्हणाल्या, "तिसुंगेला दुपारी तासभर लहान मुलांत बसवते. अक्षरं कच्ची आहेत तिची."

योतामूने आत जाऊन कार्ड आणले आणि त्यांच्या तोंडासमोर धरले.

"चाळीस पुस्तकं वाचलेली दुसरी पोर ह्या किनाऱ्यावर दाखवा मला. हा बघा अंगठा. आणि हा बघा. माझा अंगठा खोटं बोलतो काय?"

बाईंनी कार्ड पाहिले, त्याचा अंगठा पाहिला, त्याचे पांढरे केस पाहिले. "तसं नाही, आजोबा," एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

तिसुंगे दारात उभी होती. बाई दिसेनाशा झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मला खरंच नाही येत वाचता."

"मग ढोल काय माझ्या आजीने वाचला?" तो म्हणाला आणि खदखदून हसला.

तीही हसली होती. तेच त्याने इतकी वर्षे जपून ठेवले होते, तिचे ते हसणे.

आठवीच्या परीक्षेत ती नापास झाली, तेव्हा त्याने किनाऱ्यावर, गड्यांच्या देखत तिला कामचुकार म्हटले. "येत नसतं तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला होता, "पण हिला येतं! ह्या कानांनी ऐकलंय मी." दुसऱ्या दिवशी तिने शाळेचा गणवेश धुतला, वाळवला, घडी घालून त्याच्या चटईवर ठेवला, आणि ती मावशीबरोबर मासे वाळवायच्या कामाला गेली.

रविवारी प्रार्थनेनंतर योतामू तिच्या घरी गेला. ती दोन कोसांवरच्या धक्क्याला राहायची. नवरा होडीवर गेला होता. मांडवांवर बोटाएवढ्या माशांचे चंदेरी थर वाळत होते आणि ती त्यांतून हात फिरवत होती. तिची चार वर्षांची मुलगी मालिता कावळे हाकत होती. मांडवाखाली निळी बादली होती. तिची कडी तुटून तिथे दोर आला होता.

तिसुंगेने रीतीप्रमाणे गुडघे टेकून त्याला पाणी दिले.

"काय म्हणते शाळा, आजोबा? छडीबिडी बसली की नाही अजून?"

"मास्तरीण मवाळ आहे."

"तुम्हाला भीत असेल. तुम्हाला कोण नाही भीत?"

ती हे सहज म्हणाली आणि भाजलेला कसाव्याचा कंद आणायला आत गेली. योतामूने तेवढ्यात पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर ठेवले. वाटेने त्याने बोलायचे सगळे जुळवून ठेवले होते. कुठून सुरू करायचे, बाईंचे नाव कुठे घ्यायचे, अंगठ्याचे कधी सांगायचे. ती बाहेर आली, तिची नजर चित्रावर गेली, आणि हातातली ताटली तिने जमिनीवर ठेवली. ठेवताना जरा जास्तच जपून ठेवली.

"हे मिळालंय मला," योतामू म्हणाला. "घरच्या माणसाला वाचून दाखवायचंय. नियम आहे."

"दाखवा की मग," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"पाणघोडा!" मालिता ओरडत आली आणि त्याच्या गुडघ्याला रेलली. "मला माहितीये ही गोष्ट. आई सांगते."

योतामूने पुस्तक उघडले. मनात जुळवलेले काहीच ओठांवर येईना, म्हणून तो वाचू लागला. एकेक अक्षर, मग शब्द, मग ओळ. पाणघोडा जेवायला बसला. आई म्हणाली, हात धुतलेस का? त्याचा आवाज जड होडी वाळूवरून ओढावी तसा चालला होता. तिसुंगे चुलीतले लाकूड उगाच मागेपुढे करत होती. साबण खिडकीत होता. पाणघोड्याने हात धुतले. आई म्हणाली, शाबास.

त्याने पुस्तक मिटले.

मालिताने त्याच्याकडे पाहिले, मग आईकडे. "आणि ढोल? आई, पणजोबा चुकीचं वाचतायत. ढोल राहिला."

तिसुंगेने हातातले लाकूड खाली ठेवले.

"नाही गं," ती म्हणाली. "पणजोबा बरोबर वाचतायत."

मालिताला ते पटले नाही. ती पाय आपटत कावळ्यांकडे गेली.

योतामूने कार्ड काढले. कोरे होते. त्याने पेन्सिलही काढली होती, पण तिसुंगेने पेन्सिलीकडे पाहिलेच नाही. तिने चुलीवरचे भांडे तिरके केले, बुडाला अंगठा घासला आणि कार्ड घ्यायला दुसरा हात पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर थट्टेसारखे काहीतरी होते. पुरती थट्टा नव्हती.

"द्या. किती ठसे? चाळीस?"

"थांब," तो म्हणाला.

"का? वाचलंत की. ऐकलं मी."

"बरोबर वाचलं, हे तुला कसं कळलं?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. मागे मांडवावरचे मासे उन्हात तडतडत होते. हा प्रश्न अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला विचारायला हवा होता. विचारायला आलेल्या बाईंना त्याने दारातून परत पाठवले होते, हे त्याला सांगायचे होते. पण तेवढा प्रश्नच तिच्यासमोर राहिला.

"मला नाही कळलं, आजोबा," ती म्हणाली.

तीच ती पोर, तेच वाक्य. योतामू ह्या वेळी हसला नाही.

त्याने कार्ड पिशवीत परत घातले आणि बसल्या जागी सरकून चटईवर एका माणसाची जागा केली. तिसुंगे लगेच बसली नाही. तिने मांडवाकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले. मग बसली. पुस्तक दोघांच्या मध्ये उघडे होते. तिचा काळा अंगठा पानाला लागू नये म्हणून तिने तो तसाच, हवेत धरून ठेवला.